दोन कर्त्यांचं घर

१५ ऑगस्ट १९४५ ला जपाननं शरणागती पत्करली तेव्हा आमच्या शेतात बाजरी निसवायला लागली होती. नागपंचमी नुकतीच होऊन गेलेली. बातमी गावात कशी पोचली याबद्दल आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. कुणी म्हणे रहिमतपूरच्या बाजारातून आली, कुणी म्हणे चावडीवर वाचून दाखवली. आजीला एवढंच आठवायचं की त्या दिवशी ती भावकीतल्या एकाच्या भुईमुगात बायकांबरोबर भांगलत, म्हणजे तण काढत होती आणि बांधावरून जाणारं कुणीतरी ओरडलं, "लढाई बंद झाली गं!" बायकांनी माना वर केल्या. एकीनं विचारलं, "मग आता रॉकेल मिळंल का?" कुणाकडं उत्तर नव्हतं. बायांनी पात पुढं ओढली आणि उन्हं कलंपर्यंत तो तुकडा भांगलून संपवला.

माझ्या लहानपणी ही गोष्ट मी अनेकदा ऐकली. दर वेळी मला वाटायचं, आता पुढं लढाईवर गेलेले आबा, माझे आजोबा, परत येतील, घरात आनंदीआनंद होईल. आजी मात्र तिथं थांबायची नाही आणि आनंदावरही यायची नाही. ती लगेच शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीवर यायची. ती पेरणी तिनं ठरवली होती आणि आबा यायच्या आत उरकली होती. हे ती पुन्हा पुन्हा का सांगते, ते मला फार उशिरा उमगलं. तोवर ती गेली होती.

आमचं गाव खटाव तालुक्यात. महाबळेश्वरला ढग मोकळे होतात आणि पन्नास-साठ मैलांवर आमच्याकडं नुसता वारा येतो. खरिपाला बाजरी, मटकी, थोडा भुईमूग. रब्बीला शाळू, हरभरा, करडई. विहिरीच्या पाण्यावर एखादा तुकडा बागाईत, तिथं मिरची, घेवडा, चार वाफे कांदा. घरात सासू, आजी आणि पदराखालचा माझा बाप. सासरे आधीच गेलेले. धाकटा दीर मुंबईला गिरणीत. आजीचं वय तेव्हा बाविसाच्या आसपास.

आबा १९४० मध्ये बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले. देशभक्ती, साहसाची ओढ, यातलं काही त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. लागोपाठ दोन वर्षं शाळू हाती लागला नव्हता आणि सावकाराचं देणं होतं, हे कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सातारा जिल्ह्यात हे कारण नवं नव्हतं. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, त्यांच्या स्मरणाचा दगड तिथं अजून उभा आहे. दुसऱ्या युद्धात हिंदी सैन्य सुमारे २ लाखांवरून २५ लाखांवर गेलं. ते सगळे स्वेच्छेनं भरती झालेले होते असं इतिहासात लिहितात, आणि कागदावर ते खरंही आहे. पण कोरडवाहू शेतीच्या माणसाच्या स्वेच्छेत पावसाचा वाटा किती असतो, हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आबांची पलटण आधी इराकमध्ये होती आणि १९४३ च्या सप्टेंबरात इटलीत उतरली. सांग्रो नदी, कासिनो, मग उत्तरेकडचे डोंगर, आणि शेवटी सेनिओ नदी. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओच्या उंच बांधांवर जी लढाई झाली तिच्यात नामदेव जाधव या अहमदनगर जिल्ह्यातल्या शिपायानं जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणलं, पुन्हा जाऊन मशीनगनची ठाणी मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याच्या आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, तिबेरच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे लढताना पडले, त्यांनाही तोच सन्मान मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. मी त्याचे फोटो पाहिले तेव्हा ऊर भरून आला. त्या माणसांविषयी माझ्या मनात आदराशिवाय काही नाही. मात्र ती माणसं तिकडं चिखलात असताना इकडं त्यांची शेतं कुणी कसली, याची नोंद मी शोधू लागलो तेव्हा हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. जे लागलं ते आमच्याच घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं.

त्या ट्रंकेत लेव्हीच्या पावत्या आहेत.

लेव्ही म्हणजे सक्तीची धान्यवसुली. १९४२ मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा थांबला. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं मेली, मुंबईत रेशनिंग सुरू झालं. शहरांना धान्य पुरवायचं तर ते खेड्यांतून उचलायला हवं. आमच्याकडं जमीन किती, पिकाची आणेवारी किती, म्हणजे सोळा आण्यांतलं किती पीक आलं, यावरून लेव्हीचा आकडा ठरायचा आणि सरकारी भावानं तेवढं धान्य घालावं लागायचं. बाजारात त्याच धान्याला चढा भाव असायचा, पण तो बाजार काळा. नगदी पिकं आवरून अन्नधान्य पेरा असाही सरकारचा आग्रह होता, त्यासाठी १९४४ मध्ये मुंबई इलाख्यात कायदासुद्धा झाला.

आणेवारीला आलेल्या कारकुनानं बांधावर उभं राहून आजीला विचारलं, "कर्ता कोण?" ती म्हणाली, "पलटणीत हायेत." त्यानं आबांचं नाव लिहिलं आणि आठ आणे पीक धरलं. आजी म्हणाली, "सायेब, आत शिरून बगा. बांधाकडंचं ताट हाय त्ये. मधी समदं वाळून गेलंय." तो आत शिरला नाही. तेव्हा तिनं रानाच्या मधली पाच-सात ताटं मुळासकट उपटून आणली आणि त्याच्या पायाशी टाकली. आकडा थोडा खाली आला. किती, ते ती वेगवेगळं सांगायची. पण ताटं उपटली त्याचं दुःख ती दर वेळी सारखंच सांगायची, कारण त्यांना कणसं धरली होती.

ट्रंकेतल्या पावत्यांवर आबांचं नाव आहे. तारखा त्या वेळच्या आहेत जेव्हा आबा इटलीत होते. नावाखाली एक अंगठा आहे. त्या अंगठ्यापुढं काही लिहिलेलं नाही.

बाईनं औत धरायचं नाही ही रीत आमच्याकडं फार घट्ट होती. पेरताना चाड्यावर मूठ धरायला बाई चालते, खुरपणीला, काढणीला, मळणीला, उफणायला बाईच लागते, पण नांगराच्या रुमण्याला तिनं हात लावला की पाऊस रुसतो म्हणायचे. आजीनं ती रीत मोडली नाही. रीत मोडण्याइतकी सवड आणि पाठबळ तिच्यापाशी नव्हतं. तिनं दुसरा रस्ता काढला. ज्यांच्या घरात औत होतं आणि बायका कमी होत्या, अशा घरांशी तिनं सावड धरली. तुम्ही आमचं रान नांगरून द्या, आम्ही तुमचं भांगलून देऊ. एका नांगरटीच्या बदल्यात किती बायकांचे किती दिवस, हा हिशेब तिच्या डोक्यात होता. तो बिनचूक राहावा म्हणून स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीवर ती कोळशानं रेघा ओढायची. आडव्या रेघा आपलं येणं, उभ्या रेघा देणं. गोल केला की फिटलं.

१९४४ च्या उन्हाळ्यात आमचा एक बैल मेला. दुसरा घ्यायचा तर भाव आवाक्याबाहेर गेलेले. लष्कराला मांस लागत होतं, जनावरं कापली जात होती, धड बैलाला खरसुंडीच्या जत्रेत हात लावायची सोय उरली नव्हती. पलीकडच्या आळीत एका विधवेकडंही एकच बैल होता. दोघींनी पैरा केला. दोन घरांचे दोन बैल एका जुवाखाली. विधवेचा पुतण्या पोरसवदा होता, त्यानं औत धरायचं. आधी कुणाचं रान पेरायचं हा पैऱ्यातला कायमचा वाद, कारण वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, काही दोघींसाठी थांबत नाही. आजी सांगायची, पहिल्या वर्षी तिचं आधी पेरलं, दुसऱ्या वर्षी माझं. आणि ज्या वर्षी जिचं मागं राहील तिला दुसरीनं दोन पायल्या धान्य जास्तीचं द्यायचं. हे दोघींनी खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून ठरवलं होतं. कागद नाही, पंच नाहीत. तीन हंगाम तो करार एकदाही मोडला नाही.

बाकीच्या ओढाताणी तर सांगाव्या तितक्या. लोखंड मिळत नव्हतं, त्यामुळं कुळवाची फास झिजून पानासारखी झाली तरी लोहार तीच तापवून-ठोकून शेवटून देत होता. मोटेचं कातडं महागलं, जुन्या मोटेला थिगळावर थिगळ बसलं, विहिरीतून निघालेलं पाणी थारोळ्यात पडेस्तोवर निम्मं गळून जायचं. चांदीचा रुपया दिसेनासा झाला, हातात भोकाचा पैसा आला. कापडाचे हाल सगळ्यात वाईट. नऊवारी लुगडं फाटलं की दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग घेऊन मधे दंड घालायचा. आजी आणि तिची सासू, दोघींत बाहेर नेसून जाण्याजोगं एकच लुगडं उरलं तेव्हा एकीनं बाजाराला जायचं आणि दुसरीनं घरात थांबायचं असं चाललं. हे सांगताना ती आवाज खाली घ्यायची. चाळीस वर्षांनंतरसुद्धा तिला त्याची लाज वाटत होती, आणि ती लाज तिची असायला नको होती असं मला आजही तीव्रतेनं वाटतं.

त्याच काळात जिल्ह्यात इंग्रजांविरुद्ध भूमिगतांचं प्रतिसरकार उभं होतं. नाना पाटलांचं नाव घरोघर होतं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली, गावोगाव न्यायनिवाडे होऊ लागले. सरकारी शिपायाचं घर म्हणून आमच्याकडं भूमिगतांनी वाकड्या नजरेनं पाहिलं का, असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, रात्री शेतातल्या छपरात कुणी उतरलं तर भाकरी जायची, कोण ते विचारायचं नाही. पोराचा बाप इंग्रजाच्या पलटणीत आणि भाकरी इंग्रजाशी लढणाऱ्याला, यात तिला विसंगती दिसत नव्हती. दोघंही आपल्याच भागातले, दोघंही उपाशी असतील, एवढा तिचा विचार होता.

आबांची पत्रं शाळेतले गुरुजी वाचून दाखवत. त्यांवर सेन्सॉरचा शिक्का असे. सैनिकांच्या पत्रांचे गोषवारे सेन्सॉर खातं तयार करायचं, ते आता अभ्यासकांना उपलब्ध आहेत. हिंदी शिपाई परमुलखातून घरच्या धान्याची, महागाईची, कापडाची काळजी करत होते हे त्यांत वारंवार दिसतं. आबाही तेच विचारायचे. पाऊस कसा आहे, शाळू किती झाला, बैलाच्या पायाची जखम भरली का. तो बैल मेल्यावरही काही महिने ते त्याच्या पायाची चौकशी करत राहिले, कारण आजीनं ती बातमी गुरुजींना लिहूच दिली नव्हती. उलट टपाली ती लिहायला लावायची, समदं ठीक हाय, तुमी जिवाला जपा. पुढं भांडणाचं मूळ तिथंच होतं, पण तिच्या जागी मी असतो तर मीही वेगळं काही लिहवलं नसतं.

इटलीतली लढाई मे १९४५ च्या पहिल्या आठवड्यात थांबली. आबांची पलटण त्यानंतर मायदेशी परतली, जपानशी लढायला पुढं पाठवण्यासाठी. ती वेळ आली नाही. आबा दसऱ्याच्या सुमाराला रजेवर आले. रहिमतपूर स्टेशनावर उतरून चालत, पाठीवर खाकी थैला, पायात बूट. घरी ओवाळलं, पोर त्यांना बघून रडलं. रजेवरचा माणूस पाहुणा असतो. त्यानं शेतात चक्कर मारली, उगवून आलेला शाळू बघितला आणि म्हणाला, "बरी झालीया पेरनी." आजीच्या तोंडून मी आबांचं जेवढं कौतुक ऐकलं त्यातलं हे सगळ्यात मोठं होतं.

शाळू पुढं नीट आला नाही. परतीच्या पावसानं हात आखडला. त्या वर्षी देशाच्या बऱ्याच भागांत पावसानं दगा दिला आणि १९४६ च्या सुरुवातीला शहरांतलं रेशन माणशी रोज १२ औंसांपर्यंत खाली आणावं लागलं. युद्ध संपलं तरी लेव्ही संपली नाही, कापडाची कमतरता संपली नाही, रॉकेलही धड आलं नाही. ज्या बाईनं भुईमुगाच्या पातीत तो प्रश्न विचारला होता ती पुढची कितीतरी वर्षं करडईच्या तेलाचा दिवा लावत होती.

१९४६ च्या उन्हाळ्यात आबा बेळगावहून नाव कमी करून कायमचे घरी आले. आणि घरात दोन कर्ते झाले.

आपल्याकडं परतलेल्या सैनिकाची गोष्ट दारातल्या ओवाळणीशी संपते. पुढं काय होतं, ते घरातली माणसं बोलत नाहीत, कारण त्यात कुणाचाच गुन्हा नसतो. आबा चांगला माणूस होता. दारू नाही, मारहाण नाही. पण सहा वर्षांनी त्यांनी घरी येऊन सगळ्यात आधी धान्याच्या कोठीची किल्ली मागितली. आजीनं कमरेची सोडून दिली. त्यात देण्याघेण्यासारखं काही आहे असं दोघांनाही तेव्हा वाटलं नसेल. दुसऱ्या दिवशी बलुतेदार आले, त्यांना किती द्यायचं ते आबांनी जुन्या अंदाजानं दिलं. मधल्या वर्षांत लोहारानं फास फुकट शेवटून दिली होती, त्याबद्दल आजीनं त्याला चार पायल्या कबूल केल्या होत्या. लोहार आबांपुढं बोलला नाही. आजीही चारचौघांत बोलली नाही. रात्री बोलली, तेव्हा आबा म्हणाले, "मला कुनी सांगितलं न्हाई." आणि ते खरंच होतं, त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. सहा वर्षांच्या शेतीची एकही गोष्ट पत्रातून गेली नव्हती. समदं ठीक हाय, एवढंच गेलं होतं.

मग पैऱ्याचा वाद. आबांनी साठलेल्या पगारातून नवा बैल घेतला आणि विधवेचा पैरा मोडला. आपल्या दावणीला जोडी आल्यावर पैरा कशाला, हे सरळ गणित. पण त्या वर्षी आधी पेरायची पाळी तिची होती, भंडारा उचललेला होता. आजीनं त्या बाईचं रान आधी पेरून द्यायला लावलं. किती बोलाचाली झाल्या ते तिलाच ठाऊक. आबा आमच्याच बैलांनी त्या बाईचं रान पेरून आले, आणि चार दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

दिवाळीला त्यांनी घर सारवून-रंगवून घेतलं. सहा वर्षं घराला चुना लागला नव्हता. स्वयंपाकघराची भिंत पांढरी झाली आणि सावडीच्या रेघा गेल्या. आजीनं दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या पुन्हा काढल्या, आठवून, चुलीमागच्या कोपऱ्यात, जिथं बाहेरून येणाऱ्याची नजर जात नाही. माझ्या वडिलांनी त्या पाहिल्या होत्या. ते म्हणायचे, त्यातली एक रेघही चुकली नव्हती, कारण त्या हिशेबानं पुढं सगळी देणीघेणी फिटली आणि कुठंच तंटा झाला नाही.

मला एक गोष्ट फार दिवस छळत होती. आबांनी इटलीतली शेती पाहिली होती आणि तिच्याबद्दल ते मनापासून बोलायचे. झाडांवर चढवलेले द्राक्षांचे वेल, पांढरेशुभ्र थोराड बैल, घराखालीच गोठा. तिथल्या कुळांनाही निम्मं पीक मालकाला द्यावं लागायचं, आपल्या अर्धेलीसारखंच, हे त्यांना विशेष वाटलं होतं. मागं हटणाऱ्या जर्मनांनी जनावरं ओढून नेली होती, शेतांत सुरुंग पेरले होते, आणि तरी लोक तोफांच्या पल्ल्यात रान नीट करत होते. "बाप्ये कुठं हुते तिथं? समद्या बायाच," ते सांगायचे. एका घराच्या पडवीत पलटणीचा मुक्काम होता. तिथल्या म्हातारीनं आणि सुनेनं वासरू तळघरात लपवून वाचवलं होतं, आणि शिपायांनी त्याला चारा आणून दिला होता. ही गोष्ट सांगताना आबांचा आवाज भरून यायचा. मग स्वतःच्या घरातली तशीच सून त्यांना का दिसली नाही? पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, परमुलखात डोळ्यांपुढं घडत होतं म्हणून ते दिसलं. आमच्या घरचं त्यांच्या पाठीमागं घडलं, आणि पत्रांनी ते झाकून ठेवलं. ते परतले ते १९४० मध्ये सोडून गेलेल्या शेतावर, आणि ते शेत आता राहिलं नव्हतं.

आबांच्या हाती जो पैसा होता त्याचं काय करायचं यावर सगळ्यात मोठा वाद झाला. त्यांना विहिरीवर तेलावरचं इंजन हवं होतं. पलटणीत त्यांनी यंत्रं पाहिली होती, त्यांची ताकद पाहिली होती. किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना पुण्याला खडकीत १९४६ मध्येच निघाला होता. येत्या काळात मोट जाणार हे आबांनी ओळखलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

आजी म्हणाली, "इंजान घ्याल, पर हिरीत पानी हाय कुठं?"

आबांच्या डोक्यात १९४० ची विहीर होती. मधल्या वर्षांत ती आटत आलेली. होळी झाली की सकाळी तासभर मोट चालायची, मग पाझर भरायला संध्याकाळपर्यंत वाट बघायची. कुठल्या अंगानं पाझर येतो, कुठला खडक कोरडा, पाणी किती हातांवर गेल्यावर मोट टेकते, हे सगळं तिला पाठ होतं. तिचं म्हणणं, आधी विहीर दोन-तीन परस खाली न्या, पूर्वेच्या अंगाला आडवा बोगदा मारा, मग इंजन. आबा ऐकेनात. शेवटी शेजारच्या गावातल्या जाणत्या पाणाड्याला आणलं. तो विहिरीत उतरला, वर आला आणि पूर्वेकडं बोट दाखवून गप्प राहिला. आबांनी दुसऱ्याच दिवशी वडारांना निरोप धाडला.

खडक काळा, कठीण. पहारीला दाद देईना, म्हणून सुरुंग लावायचं ठरलं. पहिला बार उडाला तेव्हा आबा मळ्याच्या दुसऱ्या टोकाला होते. आवाज झाल्याबरोबर ते पालथे पडले, दोन्ही हात डोक्यावर. धूळ खाली बसली तरी उठेनात. वडारांना वाटलं दगड लागला. आजी धावत गेली. त्यांना काही लागलं नव्हतं, मातीत तोंड खुपसून ते थरथरत होते. तिनं त्यांना उठवलं, घरी आणलं, आणि आल्याआल्या दाराला कडी लावली, कुणी बघू नये म्हणून.

त्यानंतर विहिरीचं काम संपेपर्यंत आबा तिकडं फिरकले नाहीत. बार कधी लावायचा ते वडार आजीला आधी सांगत, आजी पोराला घरी पिटाळी, आणि आबा काहीतरी निमित्त काढून शिवाराबाहेर जात. दगड मोजून घ्यायचा, मजुरी चुकवायची, बोगदा किती हात गेला ते दोर सोडून बघायचं, हे सगळं पुन्हा तिच्याकडं आलं. कोठीची किल्ली त्या दिवसांत तिच्याकडं परत आली, कारण मजुरांना धान्यावर मजुरी द्यायची होती. किल्ली दिली असं कुणी म्हटलं नाही, मागितली असंही कुणी म्हटलं नाही. आणि मग ती तिच्याकडंच राहिली.

आबांना त्या बारांबद्दल आयुष्यभर कुणी काही विचारलं नाही. आज अशा माणसांसाठी डॉक्टर असतात, उपचार असतात. तेव्हा त्यांना पेन्शन-कागदाच्या कुठल्याही रकान्यात न बसणारं हे दुखणं एकट्यानं वागवावं लागलं, आणि त्याची राखण आजीनं केली. तिनं ते सासूलाही सांगितलं नाही. मला सांगितलं ते आबा गेल्यानंतर.

बोगद्याला पाणी लागलं. पुढचं एक पीक दोघांनी मिळून काढलं. त्या पिकाबद्दल आजी फारसं बोलायची नाही, म्हणजे ते वर्ष सुखात गेलं असणार. १९४८ मध्ये आबा मुंबईला गेले. धाकट्या दिराच्या ओळखीनं गिरणीत पहारेकऱ्याची नोकरी लागली. आमच्या भागातल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. माण-खटावची शेती गेली शंभर वर्षं मनिऑर्डरीवर आणि बायकांवर चालली आहे. बाप्या कधी पलटणीत, कधी गिरणीत, कधी सोनं-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यात पार मद्रास-कलकत्त्यापर्यंत. सातबारावर त्याचं नाव आणि रानात त्याची बायको. महायुद्धानं ही रीत सुरू केली नाही आणि ते संपलं म्हणून ती थांबलीही नाही. आमच्या घरात युद्ध संपल्यावर दोन वर्षं नवरा-बायको एका शेतात राबले, एवढाच काय तो खंड पडला.

एक फरक मात्र झाला. मुंबईहून आबांचं पहिलं पत्र आलं त्यात नेहमीचे प्रश्न होते, पाऊस, शाळू, बैल. आजीनं गुरुजींना बसवून घेतलं आणि या वेळी सगळं लिहायला सांगितलं. तांबडा बैल डाव्या पायानं अधू झालाय, बाजारात काढणार आहे. लेव्हीला एवढं घातलं, घरात एवढं राहिलं. लोहाराच्या चार पायल्या फेडल्या. विधवेच्या पुतण्याचं लग्न ठरलंय, आहेर म्हणून अमुक देणार आहे. बोगद्याचं पाणी चैत्रातही दिवसभर मोटेला पुरतंय. गुरुजी म्हणाले, अगं, कार्डावर जागा संपली. ती म्हणाली, मग दुसरं कार्ड घ्या, आणि त्याच्यावर लिवा, आता इंजानाचे पैशे धाडा.